तुमच्यापेक्षा कुणाचं जास्त गेलंय?

बोल्स क्लब, हॅलोरन्स फेरी
११ मार्च

बर्नी,

‘प्रिय’ लिहावं की नाही यात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं नावच लिहिते आहे. सहा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. पण पोस्टाने आलेलं पाकीट न उघडता फेकणारी तू नव्हेस. विजेचं बिलसुद्धा तू कात्री घेऊन कडेने नीट कापायचीस.

टीव्हीवर आपलं गाव पाहिलं असशील. पेट्रोल पंपाच्या छपरावर उभी होती ती गाय डूलनांची. ती वाचली. माणसंही सगळी वाचली, आणि त्यातली निम्मी क्लॅरी डूलनने आपल्या पत्र्याच्या होडीतून काढली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, दोन दिवस होडीतून खाली उतरला नाही. आपल्याकडे सगळं ठीक आहे. घरात थोडं पाणी आलं, थोडा चिखल आहे, निघेल. आईच्या खोलीतली तू रंगवलेली ती नारिंगी भिंतसुद्धा आहे अजून. क्लबातून लिहिते आहे कारण इथे वीज आली आहे आणि इंटरनेटही बरं चालतं.

मग हे पत्र कशाला, असं विचारशील. मी एक काम अंगावर घेतलंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथे सांगायला गेलं तर लोक ‘वा नोल, छान हं’ म्हणतात आणि फावडं उचलून चालू लागतात.

सिडनीत मी वीस वर्षं विमा कंपनीसाठी वेबसाइटी बांधल्या. माणसाने भरपाई मागूच नये अशा बेताने बारा पानांचे फॉर्म बनवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हटलं, एकदा तरी ही विद्या सरळ कामाला लावू. फोनवर उघडेल अशी साधी वेबसाइट केली आहे. नाव ‘हातभार’. दोन बटणं: ‘मदत करायची आहे’ आणि ‘मदत हवी आहे’. दुसऱ्याच्या घरी एक तास राबलं की खात्यावर एक लॅमिंग्टन जमा. लॅमिंग्टनच का, तर वसालोच्या बेकरीची भट्टी गावात सगळ्यांत आधी पेटली आणि तोच पहिला म्हणाला, फोन दाखवा, खोबऱ्यात घोळलेला ताजा केक घेऊन जा. मग न्हावीणबाई तयार झाली, तीन लॅमिंग्टनला केस कापून देते. गॅरेजवाला पाचाला ऑइल बदलून देतो. कुणाचे किती जमले त्याची यादी क्लबातल्या पडद्यावर, जिथे एरवी घोड्यांच्या शर्यती दिसतात तिथे.

आता खरी गोष्ट. मदत समितीकडे एप्रिलच्या दर शनिवारी ब्रिस्बेनहून तीन बसगाड्या येणार आहेत, एकेका गाडीत चाळीस माणसं, अवजारांसकट. पण बुडालेली गावं बरीच. समितीच्या ऑर्लाबाई मला फोनवर म्हणाल्या, “३१ मार्चपर्यंत तुमच्या त्या साइटवर पन्नास घरांनी मदत मागितलेली दिसली, तर गाड्या तुमच्या. नाहीतर जिथे मागणी आहे तिथे पाठवीन. माझाही इलाज नाही.” भिंतींचे जिप्समचे तक्ते पाणी पिऊन फुगले आहेत. ते महिना-दीड महिन्यात उतरवले नाहीत तर बुरशी वाशांपर्यंत चढते, आणि मग घर पाडण्यावाचून काही उरत नाही. आपण लोक ते एकेकट्याने उतरवू शकत नाही. निम्मं गाव साठीच्या पुढचं आहे.

पन्नास म्हटल्यावर मी हसलेच. तीनशे घरं पाण्यात गेलेलं गाव. रांग लागेल.

उत्तराची अपेक्षा नाही.

नोलीन

बोल्स क्लब
१७ मार्च

बर्नी,

मदत करायला तयार: दोनशे बारा. मदत हवी: तीन.

त्या तिघांचीही कथा ऐक. एक बटण क्लॅरीने अंगठ्याने चुकून दाबलं. दुसरं क्लबातल्या टवाळांपैकी कुणीतरी, ‘फ्रिज बंद आहे, बिअर संपवायला माणसं हवीत’ म्हणून. तिसऱ्या जेफर्स बाई, आपल्या दोघींना पाढे शिकवणाऱ्या. त्यांना मदत हवी होती ती माझी वेबसाइट फोनवरून काढून टाकायला.

मी आधी बटणालाच दोष दिला. ते लाल होतं, हिरवं केलं. लहान होतं, मोठं केलं. ‘मदत हवी आहे’ऐवजी ‘थोडं काम आहे’ केलं. पहिले पाढे पंचावन्न. ज्याला विचारावं तो म्हणतो, “दुसऱ्यांचं जास्त गेलंय, नोल.” गळ्यापर्यंत चिखलात उभा राहून म्हणतो. काल एकाच्या घराची मागची भिंतच नव्हती, आतून नदी दिसत होती. तो म्हणतो, “वारा छान येतो आता.”

आणि बक्षीस कुणी घेत नाही ते वेगळंच. क्लॅरीचे एकसष्ट लॅमिंग्टन झालेत, यादीत सगळ्यांत वर नाव. सकाळी सहाला उठून लोकांची घरं धुतो. एकही केक खाल्लेला नाही. काल त्याला बेकरीसमोरच धरला.

“क्लॅरी, अहो, एक तरी घ्या. वसालोचे ट्रे तसेच पडून राहतात.”

“कशाबद्दल?”

“कामाबद्दल.”

“ते काम होय? शेजाऱ्याचा फ्रिज बाहेर काढला. त्याचा केक घ्यायला मी काय शाळेत आहे?”

“मग नाव कशाला नोंदवलंत?”

“तू एवढं मरमर करून बनवलंयस. कुणीच नाव घातलं नाही तर तुला वाईट वाटेल, म्हणून.”

बोल. दोनशे बारा माणसांनी मला वाईट वाटू नये म्हणून नाव घातलंय! मी घरी— म्हणजे क्लबात परत आले आणि रागाच्या भरात अर्धा तास नुसती कीबोर्डमधली माती टूथब्रशने काढत बसले.

पण मी सोडणार नाही. तू मला हट्टी म्हणायचीस ना, बघच आता. चौदा दिवस आहेत. खाली वेबसाइटचा पत्ता लिहिते आहे. तिकडे फ्रीमँटलमध्ये तुझ्या ओळखीचं कुणी या कामातलं असेल तर दाखव, काय चुकतंय विचार. वाटलं तर स्वतः बघ. हसशील.

माझं ठीक चाललंय.

नोलीन

बोल्स क्लब
२३ मार्च

बर्नी,

आकडा चार. चौथा माणूस परगावचा निघाला, त्याने पत्ताच चुकीचा घातला होता.

आठ दिवस राहिले म्हणून आज मी फोन खिशात टाकला आणि घरोघर फिरायचं ठरवलं. प्रत्येकाकडून हातोहात बटण दाबून घ्यायचं. पहिलं घर जेफर्स बाईंचं. अंगणात गादी उन्हात टाकलेली, शेगडीवर किटली. मला बसवलं, चहा दिला. कपाला कान नव्हता.

“बाई, तुमच्या भिंती कंबरेपर्यंत काळ्या पडल्यात.”

“उन्हाने वाळतील. तू आपली त्या वसालोकडे जा. भट्टी पेटवून बसलाय, पण घरात पाऊल ठेवायला जागा नाही बिचाऱ्याच्या. आणि नोलीन, पोक काढून बसू नकोस.”

वसालोकडे गेले. पिठाने माखलेले हात त्याने झटकले. “मला काय धाड भरलीय? दुकानातल्या माळ्यावर झोपतो, ऊब असते. तू क्लॅरीला गाठ. गाडीत झोपतो तो, माहीत आहे का तुला?”

मला माहीत नव्हतं. क्लॅरीच्या घरी गेले तर दार अर्धं उघडं, कारण आतल्या चिखलामुळे ते पुढे सरकतच नव्हतं. गुडघाभर. त्याने लोकांची तीस घरं धुतली आणि स्वतःच्या घरातलं एक फावडं बाहेर टाकलेलं नाही. हा गृहस्थ अंगणात बसून दुसऱ्याच कुणाचा पंखा पुसत होता.

“क्लॅरी, हे काय हो?”

“वास येतोय का? मग तिथेच थांब.”

“मी तुमचं नाव घालते आहे.”

“घालून तर बघ. पुढच्या पुरात तुला होडीत घेणार नाही. एकाच पोरीला दोनदा वाचवत नसतो मी.”

“तुमच्यापेक्षा वाईट आख्ख्या गावात कुणाचं आहे ते तरी सांगा!”

त्याने पंखा खाली ठेवला. “फेरी स्ट्रीट, चार नंबर,” म्हणाला. “छपरावरून मीच काढलं होतं तुला. तेवीस दिवस झाले, त्या दाराला हात लावला नाहीस तू. मला शिकवायला आलीय. आधी तुझं बघ.”

मी निघाले. चहाबद्दल आभार मानले, आणि रस्त्यात आल्यावर लक्षात आलं की चहा त्याने दिलाच नव्हता.

हे छपराचं मी तुला लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं नव्हतंच काही. सहा तास तर बसले होते. दुसऱ्यांना अकरा अकरा तास बसावं लागलं.

नोलीन

बोल्स क्लब
२८ मार्च

बर्नी,

एकशे एकतीस!

थांब, नीट सांगते. क्लॅरीकडून परतताना घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं. माझं बटण वाईट नव्हतं, माझा प्रश्न वाईट होता. आपल्या लोकांना ‘तुम्हाला काय हवंय’ विचारलं तर ते जीव गेला तरी ‘काही नाही’ म्हणतील. पण दुसऱ्याचं किती वाईट झालंय हे विचारा, की तोंड थांबत नाही. जेफर्स बाईंनी मला वसालोकडे धाडलं, वसालोने क्लॅरीकडे, क्लॅरीने... असो. आख्खा गाव माझ्या हातात यादी देत होता आणि मी बटणाचा रंग बदलत बसले होते.

त्याच संध्याकाळी ‘मदत हवी आहे’ हे बटण मी काढून टाकलं. त्या जागी एकच प्रश्न: ‘तुमच्यापेक्षा कुणाचं जास्त गेलंय?’ खाली तीन रकाने. कोण, कुठे, तुम्हाला कसं कळलं. स्वतःचं नाव द्यायची गरज नाही, फक्त आपलं गाव लिहायचं.

बर्नी, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन गरम झाला माझा. ‘कसं कळलं’ या रकान्यात लोकांनी काय काय लिहिलंय! ‘खिडकीतून दिसतं.’ ‘हल्ली शीळ घालत नाही.’ ‘तिने माझ्याकडून बादली नेली आणि परत आणली नाही, ती असं कधी करत नाही.’ ‘मी त्याची बायको आहे.’ नवरा-बायकोंनी एकमेकांची नावं घातली आहेत, एकाच घरासाठी, एकमेकांपासून लपवून. एकशे एकतीस घरं. क्लॅरीचं नाव चव्वेचाळीस जणांनी घातलं.

ऑर्लाबाईंना दाखवलं. त्यांनी यादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, “तांत्रिकदृष्ट्या या घरांनी मदत मागितलेली नाही.” मी म्हटलं, “बाई, आमच्याकडे मागणं म्हणजे हेच. याहून जास्त कुणी मागणार नाही. हवं तर नऊशे वर्षं थांबा.” तर म्हणाल्या, “माझे वडीलही असेच आहेत. गाड्या तुमच्या.” एकच अट घातली: कामाचे तास खरे आहेत हे दाखवायला घरमालकाने फोनवर बोटाने सही केली पाहिजे, सहीशिवाय लॅमिंग्टन नाही. मी भांडले, लोकांना आणखी कटकट कशाला म्हणून. ऐकलं नाही त्यांनी. लावलं ते सहीचं.

आता एक सांगायचं राहिलंय. फेरी स्ट्रीट, चार नंबर. सतरा वेळा आलंय. यादीच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात, म्हणून मी तिथे ‘काम झालं’ अशी खूण केली आणि ते घर बंद करून टाकलं. सतराही वेळा. यंत्र माझं, कोण विचारणार?

सतराव्या वेळी बोट थोडं थांबलं. मला आईचे ते चार महिने आठवले. दर रविवारी तुझा फोन यायचा, “कशी आहे?” आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून सांगायची, “ठीक आहे. खाते-पिते. तू तिकडचं बघ.” आत ती तुझ्या नारिंगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, पाणीसुद्धा चमच्याने. तुझी नोकरी नवीन होती, तुझी मुलं लहान होती. मला वाटायचं, तिचं ओझं जास्त आहे, मी निभावीन. तू पोचलीस ती थेट चर्चमध्ये, अंत्यविधीला. तू म्हणालीस, “तू माझ्याकडून माझ्या आईचे चार महिने चोरलेस.” मी सहा वर्षं मनात तुला उत्तरं देते आहे. एकही पटत नाही मला.

एवढंच. घराचं म्हणशील तर मी बघते. ठीक आहे.

नोलीन

बोल्स क्लब
३ एप्रिल

बर्नी,

काल पहिला शनिवार. तिन्ही बसगाड्या वेळेवर आल्या. एकशे वीस माणसं क्लबासमोर उतरली, नवे कोरे बूट घालून. मी फोनवर घरं वाटून दिली आणि खुर्चीत बसून चहाचा पहिला घोट घेतला. आयुष्यात क्वचितच मी स्वतःवर इतकी खूश झाले असेन.

दहा वाजेपर्यंत निम्मी माणसं परत आली होती.

“चूक झालीय म्हणाले. ते शेजारचं घर.” शेजारच्यांनीही तेच सांगितलं होतं. जेफर्स बाईंनी सहा जणांना चहा-बिस्किटं देऊन, त्यांचं व्याकरण सुधारून रस्त्याला लावलं होतं. नाव दुसऱ्याने घातलं म्हणजे दार उघडतं थोडंच! एवढं साधं मला सुचलं नव्हतं. ऑर्लाबाई बरोबर आल्या होत्या. त्या हातातल्या पॅडकडे बघत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. पुढच्या शनिवारी गाड्या कुठे जाणार ते मला त्यांच्या मानेवरूनच कळलं.

मी धावत क्लॅरीकडे गेले. म्हटलं, हा एक जरी वळला तर गाव वळेल. तर तिथे आधीच एक तमाशा चालू. ब्रिस्बेनचे दातांचे डॉक्टर, पेट्राकिस म्हणून, चांगले धिप्पाड, घामाने निथळत दारात उभे. आणि क्लॅरी दार अडवून.

“सांगितलं ना, मला गरज नाही.”

“अहो, पण मी दोन तास उभा आहे इथे. नुसती सही तरी करा.”

“कसली सही?”

“तुम्ही सही केल्याशिवाय मला लॅमिंग्टन मिळत नाही.”

क्लॅरीने त्यांना खालून वर पाहिलं. “दातांचा डॉक्टर ना तू? तुला केक कशाला हवा?”

“माझ्या दवाखान्यात फोन घेते ती बाई आहे ना, तीही आलीय, तिच्या खात्यावर आत्ताच दोन झालेत. माझे शून्य. सोमवारी मी तोंड कसं दाखवू?”

क्लॅरीने दारावरचा एक हात काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “हे असं नियमात आहे? मी नाही म्हटलं तर याचे बुडतात?”

“बुडतात,” मी म्हटलं. “अगदी शून्य.”

“आणि एवढ्या लांबून आलाय.”

“अडीच तास. वळणांचा रस्ता,” डॉक्टर म्हणाले. “मला गाडी लागते.”

“अरे देवा,” क्लॅरी म्हणाला. “मग दारात काय उभा राहिलास? ये आत. फावडं तरी धरता येतं का?”

अस्सं! ते सहीचं कलम मी भांडून काढायला निघाले होते. बक्षीस राबणाऱ्यांसाठी आहे असं मला वाटत होतं. राबणाऱ्यांना ते नकोच होतं. बक्षिसाची गरज दार उघडणाऱ्यांना होती. आपल्या माणसाला मदत घेता येत नाही, पण समोरच्या बिचाऱ्याचं नुकसान होतंय म्हटल्यावर तो घर उघडून देतो. मी तशीच रस्त्याने ओरडत सुटले. प्रत्येक तुकडीला सांगितलं, दारात मदतीचं नाव काढू नका, रडक्या तोंडाने लॅमिंग्टन मागा. ऑर्लाबाईंनीसुद्धा मागितला! जेफर्स बाईंच्या दारात त्यांचा आवाज खरंच भरून आला होता.

संध्याकाळी मोजलं तर छत्तीस घरांचे तक्ते उतरले होते. ऑर्लाबाई म्हणाल्या, “महिनाभर गाड्या इकडेच.” क्लॅरीच्या घरात फरशी दिसायला लागली. हिरवी आहे, मी विसरले होते. मग तो डॉक्टरांना घेऊन बेकरीत गेला, फोन दाखवला आणि पहिल्यांदा दोन लॅमिंग्टन घेतले. एक डॉक्टरांना दिला, एक स्वतः खाल्ला. वसालो रडला, पण तो फुटबॉल बघतानाही रडतो.

निघताना क्लॅरीने विचारलं, “चार नंबरला कोण गेलं होतं?”

“झालंय ते,” मी म्हटलं. “यादीत बघा.”

त्याने यादी बघितली नाही. माझ्या बुटांकडे बघितलं. ते स्वच्छ होते. आख्ख्या गावात तेवढेच स्वच्छ असतील. “गावाला ताकाला पाठवतेस,” म्हणाला, “आणि स्वतःचं भांडं लपवतेस.” आणि गेला.

नोलीन

बोल्स क्लब
५ एप्रिल

प्रिय बर्नी,

आज सकाळी शनिवारची घरं लावायला बसले. माझं घर परत यादीत आलं होतं. मी नेहमीसारखी खूण करायला गेले. म्हटलं, क्लॅरीच असणार.

कोण: नोलीन.
कुठे: ४, फेरी स्ट्रीट.
तुम्हाला कसं कळलं: ‘पत्रांत लिहिते, सगळं ठीक आहे.’
आपलं गाव: फ्रीमँटल.

मी ते किती वेळा वाचलं सांगत नाही. वसालो केक ठेवायला आला आणि माझं तोंड बघून तसाच परत गेला.

बर्नी, ठीक नाही. पाणी छतापर्यंत होतं. छपरावर मी सहा नव्हे, नऊ तास होते, आणि शेवटच्या दोन तासांत मी मोठ्याने तुला हाका मारत होते. हे क्लॅरीने ऐकलंय, पण त्याने कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी क्लबाच्या सामानाच्या खोलीत झोपते. कालपर्यंत घराचं दार मी एकदाच उघडलं होतं. आईची खोली दिसली आणि ओढून घेतलं. तुझ्या नारिंगी भिंतीचे तक्ते फुगून पुढे आलेत, खालून काळे पडलेत. ते उतरवावे लागतील आणि लवकर, नाहीतर वासे जातील आणि घरही. मी हातोडी घेऊन तीन वेळा फाटकापर्यंत गेले. सगळ्या गावाची दारं मी उघडून घेतली, पण ती भिंत माझ्याने एकटीने निघत नाही. आई शेवटपर्यंत बघत राहिली होती ती भिंत, तुझी म्हणून कुणाला रंग बदलू दिला नाही तिने. ती मी पुन्हा तुझ्यावाचून उरकली, तर ती दुसरी चोरी होईल.

मघाशी मी ते जुनं बटण शोधून काढलं, साधं, ‘मदत हवी आहे’ म्हणणारं. साइटवर परत लावलं आणि दाबलं. चार नंबरची ‘काम झालं’ची खूण पुसून टाकली. शनिवारच्या यादीत त्या घरासमोर मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. जागा मोकळी ठेवली आहे. हा शनिवार नाही जमला तर पुढचा. भिंत तोवर थांबेल, मी वासे तपासले आहेत. आज उघडलं मी दार.

हे पत्र पोस्टाने यायला आठवडा लागेल, म्हणून क्लबातून तुला फोनही लावणार आहे. उचललास तर हेच वाचून दाखवीन. नाही उचललास तर उद्या परत लावीन, आणि परवा.

येताना रबरी बूट आण, तुझ्या मापाचे इथे मिळत नाहीत. मी दारात असेन, सही करायला.

तुझी,
नोल